याडीचा खोटा टाका

फोन आला तेव्हा मी जिंतूरच्या बाजारात याडीसाठीच दोरे घेत होते. याडी म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या बंजारा तांड्यावर आईला याडीच म्हणतात. नवरा एवढंच बोलला, "याडी गेली... घरी ये." दुकानदारानं विचारलं, लाल दोरा बांधू का? मी हो म्हटलं.

महिना उलटून गेला. याडी आठवते ती डोळे बारीक करून समोरच्याला जोखणारी. तिच्या भरतकामाचं कुणी कौतुक केलं की म्हणायची, "ह्याला काय पायजे ते इचार आधी." तिचं चुकत नव्हतं. शहरातला एक माणूस गोड बोलून तिच्या आईचा आरशांचा घागरा प्रदर्शनासाठी म्हणून घेऊन गेला, तो पुन्हा फिरकलाच नाही... ना माणूस, ना घागरा.

त्यामुळं परभणीत शिवणक्लास चालवणाऱ्या वैशालीताई शिकायला आल्या, तेव्हा आम्हा दोघींच्याही मनात पाल चुकचुकली. ही नक्षी उचलणार, मशीनवर काढून विकणार. याडीनं नाही म्हटलं नाही. दर रविवारी शिकवायला लागली. फक्त आरसा बसवायचा टाका मुद्दाम चुकीचा दाखवला. मला हळूच म्हणाली, "इकायसाठी शिकायली आसंल, तर हिला कवाच कळायचं न्हाई."

दिवाळी झाल्यावर वैशालीताई आल्या त्या स्वतःचं ब्लाउज पिशवीतून काढतच. एकाच धुण्यात सगळे आरसे गळाले होते.

"याडी, तुमी मला खोटा टाका शिकवला ना?" त्यांनी विचारलं.

याडीनं ब्लाउज उलटून टाके पाहिले. मग सरकून तिनं जागा केली. "सोताच्या अंगात घातलंस व्हय, इकलं न्हाईस... बस. आता खरा दावते."

माझा संशय काही गेला नाही. याडी गेल्यावर त्या भेटायला आल्या, तेव्हा मी कपड्यांच्या पेटीला कुलूप लावून ठेवलं होतं. त्यांनी पेटीकडं पाहिलंही नाही. खाटेवर याडीची अर्धवट राहिलेली पिशवी होती, सुई तशीच टोचलेली. ती हातात घेऊन त्या रडल्या. जाताना म्हणाल्या, "ही मी पुरी करू का? घरी नेऊन..."

"न्यायची न्हाई," मी म्हटलं. "हितंच बसून करा. माझ्यासमोर."

तेव्हापासून त्या रविवारी येतात आणि याडीच्या खाटेवर बसून शिवतात. मी शेजारी बसते, त्यांच्या हातांवरची नजर हलवत नाही. परवा त्या पाणी प्यायला उठल्या... आणि पिशवी ओढून पुढचा आरसा मी बसवला.