एक पुढे, पाच मागे

माझे धाकटे दीर गिअरबॉक्सचे मिस्त्री. गाडीतलं बाकीचं सगळं काम त्यांच्या लेखी हमाली. इंजिनाबद्दल तर ते असं बोलत, जसं एखाद्या तोंडाळ पाहुण्याबद्दल बोलावं. "ताकद काय, बैलातही असते, वहिनी. ती चाकापर्यंत नीट पोचवता आली पाहिजे."

खाली त्यांचं गॅरेज, गॅरेजमागे त्यांच्या दोन खोल्या, वर आम्ही. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर गॅरेजच्या अंगणावर उघडते, त्यामुळे खाली काय आवळलं जातंय आणि काय ढिलं पडलंय, ते मला चहाला उकळी फुटायच्या आत कळतं. भावोजी बंद गाडीला हात लावून सांगायचे की तिसऱ्या गिअरचा दाता झिजलाय, आणि उघडल्यावर तो झिजलेलाच निघायचा. माणूस दिलदार. दुसऱ्याचं बरं झालेलं पाहून त्यांचं तोंड आंबट झालंय, असं तीस वर्षांत मी एकदाही पाहिलं नव्हतं. नंतर मात्र पाहिलं, आणि पोटभर पाहिलं.

त्यांची एकुलती एक लेक. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणायचो, ते नाव तसंच चिकटलं. अठराव्या वर्षी तिला खडकाळ, चिखलाच्या वाटांवरच्या शर्यतींचं वेड लागलं आणि भावोजींनी तिच्यासाठी स्वतः बग्गी बांधली. ना छप्पर, ना दारं. जाड नळ्यांचा वाकवून जोडलेला पिंजरा, चार दांडगी चाकं आणि पार शेपटाला हवेवर थंड होणारं जुनं इंजिन. अकरा वर्षं ती बग्गी शर्यतीत पळाली. दर वेळी दुरुस्तीनंतर ती पहिल्यांदा सुरू करायची त्यांची एक रीत होती. चाकं जॅकवर उचलून आधी मोकळी फिरवायची. मग गाडी खाली घ्यायची, भिंगरी आत बसणार, भावोजी मागे उभे राहून नळीवर डावा तळहात ठेवणार, डोळे मिटणार आणि म्हणणार, "टाक पहिला." हाताला जे कळायचं ते कळलं की नळीवर दोन थापा. त्या थापा पडल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे.

मग भिंगरीनं लग्न केलं. नवरा इंजिनवाला.

जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण आमचा ग्रह भलताच सौम्य निघाला. कमी बोलणार, पाने आकाराप्रमाणे फडक्यावर मांडून ठेवणार, जेवायच्या आधी कोपरापर्यंत हात धुणार. या हात धुण्यावर माझी जाऊ इतकी भाळली की दिवसातून दोनदा तरी त्याचा उल्लेख व्हायचा.

"काम नसेल केलं तर हात स्वच्छच राहतात," भावोजी म्हणायचे.

"तुम्ही काम न करताही कधी धुतले नाहीत," जाऊ म्हणायची.

गेल्या हंगामात भिंगरी नववी आली. चढावर इंजिनाला धाप लागत होती. एके दिवशी जेवताना तिनं विषय काढला. इंजिन बदलायचं. एका अपघातातल्या गाडीचं चार सिलिंडरचं, पाण्यावर थंड होणारं इंजिन तिच्या नवऱ्यानं बघून ठेवलं होतं. ते जड, म्हणून शेपटाला न लावता मागच्या चाकांच्या पुढे, सीटच्या पाठीशी बसवायचं.

"आणि बाबा, जुन्या गिअरबॉक्सला तेवढा जोर नाही झेपणार. एका व्हॅनचा पाच गिअरचा मिळतोय."

भावोजींनी पाण्याचा पेला शांतपणे खाली ठेवला. "तुमचं चालू द्या," म्हणाले.

त्या दिवसापासून ते स्वतःच्याच गॅरेजात पाहुण्यासारखे बसायला लागले. दाराशी खुर्ची, हातात परवाचा पेपर. जुनं इंजिन साखळीनं उचलून कोपऱ्यात ठेवलं, तर त्यावर त्यांनी घरातली चादर आणून घातली. "माणसांना पांघरूण घालायचं कधी सुचलं नाही," जाऊ पुटपुटली. जावयानं त्यांचं स्टूल घेतलं, ते त्यांना खुपलं. त्यानं नवं इंजिन पहिल्या फटक्यात बसवलं, ते त्याहून खुपलं. इंजिन एका जातीचं, गिअरबॉक्स दुसऱ्या जातीचा, दोघांची भोकं जुळेनात, तेव्हा त्यानं मधे बसणारी ॲल्युमिनियमची प्लेट स्वतः आखून लेथवर करवून आणली. ती अशी चपखल बसली की भावोजींनी पेपर तोंडासमोर धरला.

कळस झाला तो परातीनं. गिअरबॉक्स उघडून दातेरी चक्रं रॉकेलमध्ये धुवायची, तर जाऊनं जावयाला स्वतःहून आपली मोठी परात काढून दिली.

"वहिनी, माझ्या वेळी याच परातीपायी आठ दिवस अबोला होता!" ते वर येऊन मला सांगत होते. आवाज खरोखर कापत होता.

पण दुसऱ्याच दिवसापासून गडी खुलला. गुणगुणायला लागला. दोन-दोन कप चहा मागून घेतला. जावयाला "थकला असाल हो" म्हणाला. मला काही हे लक्षण बरं वाटेना. संध्याकाळी चहाला आले तेव्हा मी म्हटलं, "भावोजी, काय लपवताय?"

त्यांनी बशी उचलली आणि हातात गोल फिरवली. "तुमच्या बाजूनं बघा. कुठे फिरते? उजवीकडे. आता माझ्या बाजूला येऊन बघा."

मी गेले. डावीकडे फिरत होती.

"त्या व्हॅनमध्ये इंजिन होतं गिअरबॉक्सच्या मागे. यांनी घेतलंय पुढे. म्हणजे गिअरबॉक्सचं तोंड फिरवलं. तोंड फिरवलं की चाकं उलटी फिरणार. म्हणून आतलं मोठं चक्र असतं ना, क्राउन, ते एका बाजूचं काढून दुसऱ्या बाजूला घालावं लागतं. हे इंजिनवाले. यांनी धुतलं, पुसलं आणि होतं तिथंच बसवलं."

"म्हणजे काय होणार?"

"म्हणजे जगातली पहिली गाडी, जिला पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला पाच!"

हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मलाही हसू फुटलं, खोटं कशाला बोलू. मग मी विचारलं, "भिंगरीला सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं का?"

"शर्यत कधी आहे?"

"पुढच्या रविवारी. गाडी सुरू करणार त्याआधीच्या गुरुवारी. त्याला एकट्याला पुन्हा सगळं उतरवून बदलायला आठवडा लागेल. मला त्याचं तोंड बघायचंय."

"आणि तिचं?"

त्यांनी बशी खाली ठेवली आणि निघून गेले.

मी कुणाला बोलले नाही. हे त्यांच्याच तोंडून यायला हवं होतं. रोज सकाळी तेवढं विचारायची, "सांगितलं?" आणि ते म्हणायचे, "विचारलं नाही." सोमवारी मात्र मी खिडकीत होते. झाकण बंद करण्याआधी जावई हात पुसत त्यांच्या खुर्चीपाशी आला. "बाबा, एकदा नजर टाकता का?"

"तुम्ही केलंय म्हणजे ठीकच असणार, जावईबापू."

मंगळवारी मी म्हटलं, "काल विचारलं की त्यानं. खिडकी उघडी होती."

"ते तोंडदेखलं होतं, वहिनी," ते म्हणाले. पण दुसरा कप त्यांनी मागितला नाही.

गुरुवारी सकाळी आम्ही सगळे अंगणात. बग्गीचं तोंड फाटकाकडे, शेपटामागे तीन पावलांवर भिंत. चाकं जॅकवर उचलायचं कुणाला सुचलं नाही. ती रीत भावोजींची, आणि ते खुर्चीत बसून होते. भिंगरीनं हेल्मेट चढवलं, पट्टे आवळले. इंजिन सुरू झालं. त्या आवाजाला नाव ठेवायला जागा नव्हती. भावोजी ती शोधत होते, हे मला त्यांच्या कपाळावर दिसत होतं.

"बाबा!" भिंगरी ओरडली. "बसलायस काय? मागे ये ना!"

"आता जावईबापू आहेत की."

"त्याला काय ऐकू येतंय? तो इंजिनवाला. तुझा हात पडल्याशिवाय मी पहिला टाकणार नाही, सांगून ठेवते."

जावई बाजूला झाला. ती जागा आपली नाही, हे त्याला आधीपासून ठाऊक असल्यासारखा झाला. भावोजी उठले, भिंत आणि गाडीच्या मधे जाऊन उभे राहिले, नळीवर डावा तळहात ठेवला. डोळे मात्र मिटले नाहीत.

"टाकू पहिला?"

त्यांनी वळून मागच्या भिंतीकडे पाहिलं.

"बाबा? टाकू?"

"नको," ते म्हणाले. "रिव्हर्स टाक."

"अरे, मागे तू उभा आहेस!"

"म्हणूनच सांगतोय. टाक."

दुसऱ्या कुणाचं तिनं ऐकलं नसतं. तिनं रिव्हर्स टाकला, क्लच हलकेच सोडला, आणि बग्गी शहाण्या पोरीसारखी पुढे फाटकापर्यंत गेली.

पहिल्यांदा कळलं ते जावयाला. "क्राउन," एवढंच म्हणाला आणि खाली फरशीवर बसला. भिंगरीला कळायला दोन क्षण लागले. मग तिनं हेल्मेट काढलं आणि नवऱ्याला म्हणाली, "बघितलंस? नुसत्या हातानं कळलं त्याला! सांगत होते ना मी!"

हीच तर ती वेळ. जे हवं होतं ते लेकीनं ताटात वाढून पुढे ठेवलं होतं, फक्त उचलायचं होतं. जावईसुद्धा भारावून बघत होता. भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढली नाही.

"हातानं नाही," ते म्हणाले. "नऊ दिवस झाले. चक्रं परातीतून काढून बसवली तेव्हाच दिसलं होतं."

"नऊ दिवस?" भिंगरीचा आवाज एकदम लहान झाला. काम झालं की हेल्मेट ती नेहमी बापाच्या हातात द्यायची. ते तिनं सीटवर ठेवलं.

"आणि वर दोन-दोन कप चहा प्यायलात!" जाऊ म्हणाली.

"रविवारी शर्यत आहे, बाबा," भिंगरी म्हणाली. "आत्ता रागवायला वेळ नाही. सोमवारी रागावते. उघडा ते."

सासरा-जावई दोघांनी मिळून उघडलं. जावयानं एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच भावोजींना जास्त लागलं. "शिव्या दिल्या असत्या तर मोकळा झालो असतो," मला म्हणाले. क्राउन पलीकडच्या बाजूला गेला. दातांना निळा रंग लावून ते कुठे टेकतात ते बघायचं, कागदाएवढ्या पातळ चकत्या घालायच्या, पुन्हा बघायचं, असं दोन दिवस चाललं. शनिवारी दुपारी चाकं जॅकवर उचलून फिरवली, गाडी खाली घेतली, भिंगरीनं न बोलता मागे नुसतं बोट दाखवलं. पहिला पडला, गाडी पुढे गेली, नळीवर दोन थापा पडल्या.

रविवारी ती सहावी आली. सोमवारी ठरल्याप्रमाणे रागावली, चांगला अर्धा तास. खिडकी मी मुद्दाम लावून घेतली. शेवटी शिक्षा काय झाली, ते भावोजींनीच वर येऊन सांगितलं. जावयाला गिअरबॉक्सचं सगळं काम शिकवायचं, हातचं काही न राखता.

मागच्या आठवड्यात पुन्हा आले. तोंड उतरलेलं.

"चकत्या लावायला तो तीन दिवसांत शिकला, वहिनी. मला दोन वर्षं लागली होती."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं काय? हात हलका आहे हो त्याचा," ते म्हणाले, घरातलं काही चोरीला गेल्याचं सांगावं तसं.

तेवढ्यात खालून जाऊचा आवाज आला, "जावईबापू, परात देऊ का तुम्हाला?"

भावोजींनी कप खाली ठेवला. "ऐकलंत?" म्हणाले. "त्यांना!"