शोभाताईंनी हात वर केला

शोभाताईंनी हात वर केला तेव्हा मला चक्क आनंद झाला. हॉटेलातल्या लोकांना स्वच्छतेचं ट्रेनिंग देताना मी नेहमी विचारते, "गेल्या दोन दिवसांत कुणाचं पोट बिघडलंय?" पंधरा वर्षं या प्रश्नावर सगळे छताकडे बघत आलेत.

बिबवेवाडीतल्या त्या हॉटेलात शोभाताई पोळ्या करायच्या. मूळच्या यवतमाळकडच्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, मले कालपासून जुलाब होऊन रायले. लपवू नका म्हनलं न तुमी."

अन्नाला हात लावणारा तो फूड हँडलर, मग तो स्वयंपाकी असो की ताटं पुसणारा. जुलाब झाले तर ते थांबल्यावरही दोन दिवस त्याने अन्नापासून लांब राहायचं, हातमोजे असले तरी. हे सांगून झालं की माझं एक ठरलेलं वाक्य असे, "खरं सांगितलं म्हणून कुणाचंही काम जाणार नाही." स्लाइडवरही ते मोठ्या अक्षरांत होतं.

मालकांनी शोभाताईंना लगेच घरी पाठवलं. मी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. आठवलं की आजही लाज वाटते.

आठवड्याने तपासणीला गेले, तर तव्यापाशी दुसऱ्याच बाई. मालक म्हणाले, काढलं त्यांना. गिऱ्हाइकांच्या कानावर गेलं असतं तर हॉटेलला टाळं लागलं असतं.

"अहो, पण मी सगळ्यांसमोर शब्द दिला होता."

"आपण दिला होता ना? मग आपणच ठेवून घ्या त्यांना कामावर."

ते वाक्य मी इतक्या ठिकाणी म्हटलं, पण एकाही मालकाला आधी विचारलं नव्हतं. आजाराची नोंद ठेवायला मीच सुरू करून दिलेली वही त्यांनी पुढे केली. वर शोभाताईंचं नाव, खाली सगळं कोरं. "बघा, नंतर कुणी आजारीच पडलं नाही," ते म्हणाले. त्यांना खरोखर बरं वाटत होतं.

चार महिन्यांनी कात्रजच्या एका हॉटेलात ट्रेनिंग होतं. मागच्या ओळीत शोभाताई बसल्या होत्या. मी तोच प्रश्न विचारला. या वेळी त्याही छताकडे बघत राहिल्या.

तास संपल्यावर त्यांनी मला दाराशी गाठलं. "मॅडम, आपली वळख हाय असं इथं कोनाले सांगू नका."

त्यांच्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती आणि ती पिवळट ओली झाली होती. पिकलेली जखम घेऊन कणकेत हात घालायचा नाही, हे मी तासाभरापूर्वीच शिकवलं होतं. मी "बरं" म्हणाले आणि मालकांच्या केबिनमध्ये चहाला गेले.

आता ते वाक्य स्लाइडवर नाही. दुसऱ्याच्या वतीने शब्द देऊ नये, एवढं शिकले. आधी मालकाकडून तसं लिहून मागते, आणि बहुतेक मालक मग मला बोलावत नाहीत. त्या दुपारी कात्रजला पोळ्या कुणी केल्या, हे मी विचारलं नाही.