दुसऱ्याच्या नावावर सहा विकेट

पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला लोक खून आणि दरोडे विचारतात. तेही मी पाहिले. पण इतक्या वर्षांनंतर एखाद्या दुपारी खुर्चीत बसलो की डोळ्यांपुढे येते ते एक साधे अर्जाचे प्रकरण. त्यात रक्त नाही, चोरी नाही, गुन्हासुद्धा शेवटपर्यंत नोंदला गेला नाही. तरी ते मनातून जात नाही.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षे झाली होती. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते आणि आपला सगळा भाग मध्यप्रदेशात. मी गोंदियाच्या ठाण्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. माझे गाव वऱ्हाडातले, कापसाच्या मुलखातले. धानाची शेती मी त्याआधी पाहिलेली नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण तपास त्यामुळेच लांबला.

हिवाळ्याचे दिवस होते. सकाळची हजेरी आटोपून मी चहाचा कप हातात घेतला, तोच गावातले एक नामांकित वकील तावातावाने आत आले. ते एका हायस्कुलाचे सेक्रेटरी होते. आदल्या रविवारी त्यांच्या शाळेचा दुसऱ्या हायस्कुलाशी क्रिकेटचा अंतिम सामना झाला. त्यांची शाळा हरली, शील्ड गेले. वकीलसाहेबांचे म्हणणे असे, की त्यांच्या सहा गड्यांना बाद करणारा गोलंदाज त्या शाळेचा विद्यार्थीच नव्हता. कागदावर नाव राईस मिलवाल्या सेठच्या मुलाचे होते, मैदानात दुसराच कोणी उतरला होता.

"ही तोतयेगिरी आहे. कलम चारशे एकोणीस लावा," ते म्हणाले.

मला हसू आवरेना. गोंदियात त्या आठवड्यात रेल्वेच्या मालडब्यातून धान्य चोरीला गेले होते, आणि मी पोरांच्या चेंडूमागे धावायचे! पण वकिलाचा लेखी अर्ज होता. चौकशी केल्याशिवाय गत्यंतर नव्हते. शिवाय खरे सांगायचे तर मला कुतूहल वाटू लागले होते. लाच देऊन मॅच फिरवलेली ऐकली होती. पण सेठच्या मुलाच्या नावाने दुसऱ्याने कशाला घाम गाळावा?

पहिला जबाब घेतला अंपायरचा. तो रेल्वेत गार्ड होता. गोलंदाजाचा चेहरा त्याला सांगता येईना. "अंपायर पाँव देखता है साहब, मुँह नहीं," तो म्हणाला. "मगर एक बात है. वह लड़का गेंद डालने से पहले कूदता था. जमीन सपाट, बीच में कुछ नहीं, और वह ऐसे कूदता था जैसे कोई चीज लाँघ रहा हो."

सेठच्या मुलाला त्याच्या घरीच भेटलो. गोरागोमटा, नम्र मुलगा. "मैं ही खेला," असे तो म्हणाला नाही. "मेरा ही नाम लिखा है," एवढेच म्हणाला. हे उत्तर मी मनात ठेवून घेतले. खोटे बोलायची सवय नसलेली माणसे असेच अर्धे खरे बोलतात.

त्या जिंकलेल्या शाळेचे ड्रिल मास्तर मात्र तयारीचे निघाले. सर्व खेळाडू आमचेच, असे त्यांनी ठासून सांगितले. सांगताना ते माझ्याकडे न पाहता टेबलावरच्या रुळाकडे पाहत होते.

खबर मिळाली ती एका टांगेवाल्याकडून. त्याचा घोडा रस्त्यात मोकळा सोडल्याबद्दल शिपायाने त्याला ठाण्यात आणले होते. बोलता बोलता कळले की त्या रविवारी सकाळी त्याने कुडव्याहून ड्रिल मास्तरांना आणि एका पोराला मैदानावर आणले होते.

"पोरगा कसा होता?"

"साधाच होता जी. पन त्यानं बूट पायात नोयते घातले. मांडीवर घिऊन बसला होता. मी म्हटलं, काऊन रे, पायात घाल न. त म्हने, खराब होतेत."

कुडवा तेव्हा गावाबाहेरचे खेडे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी मी साध्या कपड्यांत सायकलवर निघालो. धान कापून झाले होते. नुसत्या रिकाम्या बांध्या दिसत होत्या. इकडे धानाचे शेत म्हणजे लहान लहान चौकोन, त्यांना बांधी म्हणतात, आणि प्रत्येक बांधीभोवती पाणी अडवायला मातीचा गुडघाभर धुरा. एका बांधीतली धसकटे काढून पोरांनी शेणाने सारवलेली पट्टी केली होती आणि तिथे क्रिकेट चालले होते. बॅट म्हणजे मोहाची फळी. चेंडू चिंध्यांचा, वरून सायकलच्या ट्यूबचे वेढे.

मी सायकल उभी केली आणि पाहत राहिलो. बांधी एवढीशी. पट्टी आखल्यावर गोलंदाजाला धावायला जागाच उरत नव्हती. म्हणून तो शेजारच्या बांधीतून धावत यायचा, धुऱ्यावरून उडी मारायचा आणि अलीकडे पाय टेकताच चेंडू सोडायचा. एक नाही, सगळेच. सात-आठ वर्षांचे पोरसुद्धा तशीच उडी मारत होते. वऱ्हाडातल्या सपाट वावरात ही गोष्ट मला जन्मात सुचली नसती. मी तिथे एकटाच मोठ्याने हसलो आणि पोरे खेळ थांबवून माझ्याकडे बघू लागली.

त्यांच्यात सर्वांत जोरात टाकणारा चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. वडील ठोक्याने, म्हणजे ठरावीक खंड देऊन, दुसऱ्याची जमीन कसणारे. गावात शाळा चौथीपर्यंत, तेवढी त्याने केली होती. पुढे फी, पुस्तके, आणि घरी कामाला हात हवे, म्हणून तिथेच थांबला. ड्रिल मास्तर राहायला त्याच बाजूला होते. येताजाता त्यांनी त्याला पाहिले होते.

मी मास्तरांना आणि दोन्ही मुलांना ठाण्यात बोलावले. आमच्या हवालदाराने न सांगता सेठच्या मुलाला खुर्ची दिली. कुडव्याचा मुलगा न सांगता जमिनीवर बसला. माझ्यासकट कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही.

"मी खेळलोच नाही जी," मुलगा पुन्हा पुन्हा म्हणत होता. मास्तरांनी पढवून ठेवले होते, हे उघड होते.

मी दोघांना आवारात नेले, शाळेकडून मागवलेला चेंडू दिला आणि टाकायला सांगितले. सेठच्या मुलाने सरळ धावत येऊन बरा चेंडू टाकला. मग हा. त्याने मुद्दाम वाईट टाकला. इतका वाईट, की चेंडू लॉकअपच्या व्हरांड्यात गेला आणि आतला एक दारूडा शिव्या देऊ लागला. पण धावत येताना शेवटच्या क्षणी त्याने उडी घेतलीच. हात त्याच्या ताब्यात होता, पाय नव्हते.

"धुरा कुठे आहे रे इथे?" मी विचारले.

त्याने खाली पाहिले. सपाट मुरमाची जमीन होती. त्याच्या तोंडचे पाणी पळाले.

आत येऊन मी कागद पुढे ओढला. मुलाचे तरीही 'मी खेळलोच नाही जी' चालूच होते. शेवटी मी कंटाळून म्हणालो, "हे बघ, खरे काय ते सांग. मला इथे तुझे नाव लिहायचे आहे."

"माझंच नाव लिहान?"

"मग कोणाचे लिहू?"

"मी खेळलो, असं लिहान? माझ्या नावानं?"

"हो."

त्यानंतर मला प्रश्न विचारावा लागला नाही. तो घडाघडा बोलू लागला. पहिला गडी कसा चकला, वकिलाच्या पुतण्याचा मधला स्टंप कसा उखडला, सगळे. कपडे सेठच्या मुलाचे, बूटही त्याचेच, मोठे होत होते म्हणून आत चिंध्या कोंबल्या. मास्तर मध्येच पुटपुटले की विकेट पाच होत्या. तसा तो उसळून म्हणाला, "सहा होत्या जी! सहाव्याचा झेल मीच घेतला. लिवा सायेब, सहा."

"पण तू हे केलेस कायले?" त्याच्याच बोलीतला शब्द माझ्या तोंडी आला.

"मास्तर म्हनले, जितलो त शाळंत नाव घालतो. नादारी देतो. मंग पुढच्या साली तुझ्या नावानं खेळजो."

नादारी म्हणजे गरीब मुलाची फी माफ. मी सेठच्या मुलाकडे पाहिले. त्याने मान खाली घातली. "किट पिताजी ने दिया है, इसलिए टीम में मेरा नाम रहता ही है," तो हळू आवाजात म्हणाला. "यह मुझसे अच्छा डालता है. मैंने सोचा, नाम मेरा रहे, खेले यह." त्या वयात एवढा मोकळेपणा मला आवडला. खुर्चीत बसून तो बोलला, हेही खरे.

मुलाने जबाबाखाली सही केली. चौथी पास होता, अक्षर गोल होते. सही झाल्यावर त्याने जबाब पुन्हा एकदा वाचून दाखवायला लावला.

आता माझ्यापुढे पेच होता. गुन्हा नोंदवला तर पहिला आरोपी हाच होणार. सेठच्या मुलासाठी नागपूरहून बॅरिस्टर आला असता, मास्तरांमागे शाळा उभी राहिली असती. याच्यामागे एक भाड्याची बांधी. सुधारगृहात गेला असता तर बापाला भेटीला जायलाही परवडले नसते. मी हेडमास्तर, वकीलसाहेब आणि सेठजींना बोलावून घेतले. शील्ड परत करा, सामना रद्द समजा आणि अर्ज मागे घ्या, असे सुचवले. वकीलसाहेबांना शील्डच हवे होते. सेठजी म्हणाले, "साहब, बच्चों का खेल है, कहीं कागज पर न रहे तो अच्छा."

मी हेडमास्तरांना मास्तरांनी मुलाला दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली. हेडमास्तर माणूस वाईट नव्हते. त्यांनी सांगितले, नादारी मिळेल, पण चौथी पास म्हणजे पाचवीतच बसावे लागेल. शाळेच्या संघात आठवीच्या खालचा चालत नाही. आणि हा आठवीत पोचेल तेव्हा सामन्यांच्या वयाच्या अटीबाहेर गेलेला असेल. "नियम मी केलेले नाहीत," ते म्हणाले. त्यांचेही खरे होते. मी तेव्हा प्रथमच पाहिले, की तीन नियम, प्रत्येक आपल्या जागी रास्त, एकत्र आले की पोराला जायला फटही उरत नाही.

सगळे गेल्यावर मी मुलाला सांगितले, सुटलास, घरी जा. आणि त्याच्यासमोरच जबाबाचा कागद उचलला. उद्या कोणी उकरून काढला तर त्यालाच गोत्यात आणणारा तो एकच पुरावा होता.

"फाडता का जी?"

"तुझ्यासाठीच फाडतो आहे."

"ठेवा न सायेब. मले मारलं त चालते. पन तो कागद ठेवा."

"अरे, यात तू गुन्हा कबूल केला आहेस."

"हो जी. पन माझं नाव तेवढ्याच जागी हाये." त्याने माझ्या हातातल्या कागदाकडे पाहिले. "मंग आता त्या विकेटी कोनाच्या?"

"कोणाच्याच नाहीत. मॅचच रद्द झाली."

मी कागद फाडला. आजही तेच केले असते, कारण त्याला वाचवायचा दुसरा मार्ग नव्हता. पण माणसाला वाचवणे म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे असे मी तोवर समजत होतो, त्या दिवसानंतर तसे वाटेनासे झाले. नाव लपवणारे आरोपी मी शेकड्यांनी पाहिले. खोटी नावे सांगणारे, नाव लिहू नका म्हणून पाय धरणारे. हा मुलगा मात्र जमिनीवर बसून, त्या तुकड्यांकडे बघत, हुंदके देऊन रडला. सुटका झाल्यावर रडलेला आरोपी मी तेवढा एकच पाहिला.