पित्ताची गोळी

आज मेडिकलच्या काउंटरशी उभी असताना औषधांचा तो कोरडा, कडवट वास नाकात शिरला आणि मला दौंडमधलं लग्नानंतरचं दुसरं वर्ष आठवलं.

यांची पित्ताची गोळी संपली होती. रिकामं पाकीट घेऊन मीच दुकानात गेले. दुकानदारानं ते उलटंपालटं करून पाहिलं. "वहिनी, ही गोळी कंपनीनंच बंद केली. पण औषध असं मधीच सोडू नका. डॉक्टरांकडून लगेच दुसरं लिहून आणा. हृदयाच्या ठोक्यांचं काम हाय."

"पित्ताची हाय ना ती?" मी विचारलं. त्यानं पाकीट परत माझ्या हातात ठेवलं.

घरी हे संध्याकाळचा चहा पीत बसले होते. मी पाकीट त्यांच्या पुढ्यात ठेवलं. ते बघून त्यांनी कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "तुझ्या आप्पांना लग्नाची बोलणी झाली तवाच सांगितलं हुतं. पोरीला सांगू नका, म्हणाले ते."

नवी गोळी लागू पडली. हे आजही हिंडतेफिरते आहेत आणि त्यांच्यावरचा माझा राग कधीच निवला.

पण वडगाव रासाईला माहेरी गेले की दारातच आप्पा विचारायचे, "जावईबापू बरं हायत ना?" जावयाचं केवढं कौतुक, असं तोवर मी मैत्रिणींना सांगत असे. त्या संध्याकाळनंतर आप्पांना मी कधी जाब विचारला नाही. फक्त त्यांनी तो प्रश्न केला, की मी उत्तर न देता आत निघून जायचे.