जोड मी घातला होता

डॉ. एलायजा कपांडे यांच्या साठीनिमित्तच्या गौरवग्रंथासाठी त्यांच्या विद्यार्थ्यांनी मला लिहायला सांगितले, तेव्हा माझे थोरले बंधू अण्णा जाऊन जेमतेम दीड महिना झाला होता. अण्णा डॉक्टरांच्याच हातच्या ऑपरेशननंतर गेले. "मग मला कसे विचारता?" असे मी म्हणालो. "सरांनीच तुमचं नाव सांगितलं," असे उत्तर आले. मी अजून सावरलेलो नाही. लेखन विस्कळीत वाटल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

अण्णांच्या जठरात गाठ निघाली आणि सदलग्याच्या डॉक्टरांनी आम्हाला बेळगावला कपांडे सरांकडे पाठवले. आडनावावरून अण्णांनी ते कोकणातले ठरवून टाकले होते. आत गेलो तर समोर झांबियाचे गृहस्थ. आम्ही दारातच थबकलो.

"बसा की अण्णा. गाव कंचं?"

"सदलगा," अण्णा कसेबसे म्हणाले. "तुमचं?"

"लई लांब हाय. शिकलो मातर हितंच, आन् जेवलो उचगावात."

ते खरे होते. वैद्यकीय शिक्षणासाठी ते तरुणपणी बेळगावला आले. सुट्टीत मायदेशी जाणे जमत नसे, म्हणून उचगावच्या वर्गमित्राच्या घरी राहत. त्यांची मराठी त्या घरची. एम.एस. होऊन ते परतले आणि तिकडच्या जिल्हा रुग्णालयात कित्येक वर्षे एकटे सर्जन होते. आतड्याचे रोगी आपल्या हातून वाचत नाहीत, हे त्यांना सहन होईना. चाळिशीनंतर ते पुन्हा विद्यार्थी झाले, पोट व आतड्यांच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतले आणि बेळगावात शिकवू लागले. अजूनही दरवर्षी काही आठवडे ते तिकडच्या तरुण सर्जनांना शिकवायला जातात.

असा आजार आमच्याकडे रोग्याला सांगत नाहीत. "अल्सर म्हणा," अशी मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विनंती केली. ते म्हणाले, "त्यांनी विचारलं न्हाय तर मी बोलणार न्हाय. विचारलं तर खोटं सांगणार न्हाय." अण्णांनी विचारलेच. डॉक्टरांनी कॅन्सर हा शब्द उच्चारला. अण्णा मात्र माझ्याकडे बघून हसले; मी शाळेत गणित शिकवतो. "आमचं मास्तर आठ दिस झालं मला अल्सर शिकवाय लागल्यात. गणिताचं मास्तर, त्यास्नी खोटं जमत न्हाय."

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी ताप चढला. पोट पुन्हा उघडावे लागले. त्यातून अण्णा उठले नाहीत. डॉक्टर स्वतः बाहेर आले. वहिनी, पुतण्या आणि मी उभे होतो.

"जठर काढून आतड्याचा जोड घातला होता. तो सुटला. जोड मी घातला होता."

पुतण्या अंगावर धावला. डॉक्टर मागे सरले नाहीत. कोणी डॉक्टर असे बोलतो, हे मी कधी ऐकले नव्हते.

रक्षाविसर्जनाला ते सदलग्याला आले, नदीवर सर्वांच्या मागे उभे राहिले. नंतर घरी आले, तेव्हा वहिनी उठून आत गेल्या. ते पायरीवरूनच परतले.

त्यांच्या एका विद्यार्थ्याने नंतर मला सांगितले की, नवशिक्यांना जोड घालायला शिकवण्यासाठी सर खाटकाकडून बोकडाची आतडी आणवतात. अण्णा गेले त्या आठवड्यात सर स्वतः नवशिक्यांच्या रांगेत बसले आणि जोड घालत राहिले.

आता वहिनींच्या पित्ताशयात खडे निघाले आहेत. पुतण्या कोल्हापूरला न्यायचे म्हणाला.

"कोलापूर न्हाय. त्या डॉक्टरास्नी फोन लाव."

"आई, अण्णांचं इसरलीस व्हय?"

"इसरीन कशी? पर काय बिघडलं तर तोंडावर सांगत्यात ते. दुसरं कोण सांगतंय रं?"

पुतण्या उठला नाही. फोन मी लावला. वहिनींचे नाव आणि दुखणे सांगितले. मग डॉक्टरांनी विचारले, "त्या स्वतः म्हणाल्या?"

"व्हय," मी म्हणालो.

ऑपरेशन सोमवारी आहे. डॉ. कपांडे यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि सोमवारी त्यांचा हात स्थिर राहो.