कुठेच न जोडलेला चौकोन

चूक माझी होती. हे आधीच लिहून टाकतो, कारण मामांविषयी लिहायला लागलो की हसण्याच्या भरात मी स्वतःला सोडून देतो, आणि ती माझी जुनी सवय आहे. आमच्या रोपवाटिकेतल्या मामांइतका टोमॅटोच्या रोपाचा स्वभाव ओळखणारा माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि अशा माणसाला मी तीन संध्याकाळींत बनवलेल्या ॲपच्या हाताखाली दिले.

मामा तसे कुणाचेच मामा नाहीत. वडिलांच्या काळापासून रोपे त्यांच्याकडे. सायखेड्याहून लूनावर येतात आणि शेडनेटच्या दारात चपला काढतात. मालक म्हणून एकदा मी बुटांसकट आत शिरलो, तर म्हणाले, "दादा, मालकी बाहेर ठेवा, बुटांसंगं." आत गेले की रोपांशी बोलत असतात. कुणाला दटावतात, कुणाला पाणी हवं का म्हणून विचारतात. मात्र फोनवर कुणाला रोपे न्यायची तारीख देत नाहीत. "तोंड दिसल्याबिगर तारीख नाय." शेतकऱ्याला समोर बसवून पंधरा प्रश्न: पाणी विहिरीचं का कालव्याचं, मल्चिंगचा कागद अंथरला का, घरात लग्नकार्य आहे का, लावणीला माणसं कोण. दिंडोरीचा एक शेतकरी वैतागून म्हणाला, "मामा, रोपं न्यायला आलोय, सोयरीक जुळवायला नाय." मामा म्हणाले, "सोयरीक मोडली तर दुसरी होती. हंगाम गेला तर वरीसभर येत नाय. सांग, ड्रीप धुतलं का?"

हे पंधरा प्रश्न मला खुपत. ऑर्डर घेऊन तारीख आपोआप कळवणारे ॲप करून देतो म्हणत शहरातल्या एका सॉफ्टवेअरवाल्याने मला सहा महिने नुसते चहा पाजले होते. मग कुणीतरी लो-कोडचा रस्ता दाखवला. कोड लिहायचा नाही, पडद्यावर चौकोन ओढायचे आणि बाणांनी एकमेकांना जोडायचे. बारावीनंतर कॉम्प्युटरला हात न लावलेल्या माझ्यासारख्याला पन्नाशीत देव पावला. खोटे कशाला सांगू, फायदा झाला. ऑर्डरीचे कागद हरवायचे थांबले. हरसूलच्या माणसाला नुसती तारीख विचारायला एसटीने यावे लागेना. बदल करायला कुणाचे पाय धरणे नाही, चौकोन मीच ओढायचो. इतका ओढायचो की बायको म्हणाली, "मेथी निवडायचा एखादा चौकोन असेल तर तोही ओढा." तोटा एवढाच, की ते ॲप मी बनवले होते. मला जेवढे कळत होते तेवढेच त्याला कळत होते, आणि मला एकच कळत होते: टोमॅटोचे रोप पंचवीस दिवसांत तयार होते.

मामांनी फोन दोन्ही हातांत परातीसारखा धरला, सगळे चौकोन पाहिले आणि विचारले, "यात थंडी कुठं भरायची?"

मी हसलो. मग त्यांचे मन राखायला एक चौकोन वाढवला, त्याला 'शेरा' नाव दिले आणि बोललेले लिहून घ्यायचे बटण दाखवले. तो चौकोन मी कशालाच जोडला नाही. पुढे विसरूनही गेलो.

डिसेंबरात थंडी पडली. शेडनेटमधून मामांचा आवाज यायचा, "थंडी लय हाय." मला वाटे, रोपांशी बोलताहेत. पेरणीनंतरच्या पंचविसाव्या सकाळी ॲपने नेमाने चाळीस जणांना कळवले: आपली रोपे तयार आहेत, घेऊन जावीत. नऊ वाजता फाटकापासून रस्त्यापर्यंत पिकअप उभ्या. रोपे बोटाच्या पेराएवढी.

दिंडोरीवाला ट्रेमध्ये वाकून म्हणाला, "मामा, रोज तुम्ही पंधरा प्रश्न विचारता, आज आमचा एक. ही रोपं हायेत का मोड आलेली मटकी?"

लोक हसले आणि माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "मामांची नोंद चुकली."

मामांनी माझ्याकडे पाहिले नाही. एकेका गाडीपाशी जाऊन, एकेकाचे तोंड पाहून त्यांनी दहा दिवसांपुढची तारीख दिली. मग चपला घातल्या आणि लूनाला किक मारली. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाहीत. पाणी मी घातले. रोपे माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. चौथ्या दिवशी ॲप दुरुस्त करायला बसलो आणि 'शेरा' उघडला.

थंडी लय हाय, पाच दिवस पुढं घ्या. मुळी अजून पांढरी नाय, आठ दिवस. दादा, तारीख बदला, दहा दिवस. आणि शेवटचा, संदेश सुटण्याच्या आदल्या दिवशीचा: दादा, वाचता ना?

दहा मिनिटांत मी त्या चाळीस जणांना संदेश पाठवला: चूक माझी, मामांनी वेळेवर सांगितले होते, मी वाचले नाही. पाठवल्यावर हलके वाटले, आणि त्या हलकेपणाची मला आज लाज वाटते. तेवढ्या भरवशावर सायखेड्याला गेलो. मामा ओट्यावर शेंगा फोडत होते.

"संदेश मिळाला का, मामा?"

"मिळाला. लोकांनी वाचून दाखवला."

"मग?"

"फोनवरचं मी धरत नाय, दादा. ठाऊक हाय तुम्हाला." माझ्यापुढे शेंगा सरकवून म्हणाले, "धाव्या दिवशी येतो. तारीख माझ्या तोंडची हाय."

दहाव्या दिवशी आले. चपला काढल्या, एक रोप उपसून मुळी उन्हात धरली. पांढरी होती. बाहेर पिकअपची तीच रांग होती.

"काय दादा," दिंडोरीवाला म्हणाला, "ॲप काय म्हणतंय आज?"

मी बूट काढले, आत गेलो आणि सगळ्यांदेखत मामांसमोर उभा राहिलो. तारीख मागायला आलेल्या माणसाकडे पाहतात तसे ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

"मामा, तुम्ही रोज सांगत होतात. तो चौकोन मी कशालाच जोडला नव्हता. आणि त्या दिवशी इथंच उभा राहून, माझी चूक मी तुमच्या नावावर टाकली. मला माफ करा."