पायाळूची उसण

दादा जाऊन वर्ष होत आलं. घरी कोणी भेटायला आलं की त्याचा एक किस्सा निघतो, मग त्याला लागून दुसरा. रडायला आलेली माणसं हसत उठतात.

त्याच्या दुखण्याची बातमी आली तो दिवस साधाच होता. मी कर्जतला दाढी करून घेत होतो. निम्मी झाली आणि नगरच्या दवाखान्यातून वहिनींचा फोन आला. "भावजी, ती उसण न्हाईच. मणक्यात पू झालाय म्हनं. आजच ऑपरेशन. पाय चालतील का, सांगता येत न्हाई."

तसाच एसटीत बसलो. दादानं मला पाहिलं. "न्हाव्याशी भांडलास व्हय?"

* * *

दादा पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेला. आमच्याकडे कंबरेत उसण भरली की पायाळूची हलकी लाथ खातात. मिरजगावात सकाळी आमच्या ओट्यासमोर माणसं पाठ करून उभी!

एकदा फौजदार आले. दादाचा पाय उचलेना. फौजदार म्हणाले, "मारा हो, गुन्हा नोंदवत नाही!"

* * *

त्याचीच कंबर धरली तेव्हा पंचाईत झाली. शेजारच्या गावात एक पायाळू म्हातारी होती, तिच्याकडे गेला. तिनं अशी हाणली की बस्स!

घरी येऊन म्हणाला, "मी लोकास्नी काय देत हुतो, ते आज कळलं."

* * *

पुढे थंडी वाजून ताप आला, पायांना मुंग्या आल्या. एक्स-रेत काही नाही. नगरच्या डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं. शुगर? होती. अंगावर कुठे गळू?

"मानेवर हुतं. पर दुखतीया कंबर!"

"जंतू रक्तातून जातात, काका. शुगर असली की त्यांचं फावतं. कंबरदुखी, ताप आणि पायांना मुंग्या एकत्र दिसल्या की मी थांबत नाही. एमआरआय आजच."

दादानं मान डोलावली. "म्हंजी जंतू कर्जतला बसला अन् नगरला उतरला!"

* * *

एमआरआयचं यंत्र ठणाठणा वाजतं. बाहेर काढल्यावर तिथल्या मुलीनं विचारलं, "काका, घाबरलात?"

"न्हाई. नागापूरला वर्कशॉपात लई वर्सं काढलीत. तिथं मधी चहा मिळायचा, एवढंच!"

* * *

ऑपरेशन झालं. पू तपासून जंतू कोणते ते कळलं, सलाईनमधून औषधं सुरू झाली. पाय मात्र हलेनात. डॉक्टर रोज सकाळी म्हणायचे, "अंगठा हलवा." दादा अंगठ्याकडे बघायचा, वहिनी खिडकीकडे.

एका सकाळी डॉक्टर पायाशी वाकले आणि तसेच राहिले. "आई गं!" कॉट धरून उभे.

"उसण," दादा म्हणाला. "मागं वळा."

डॉक्टर पुण्याकडचे, त्यांना काही कळेना. सिस्टर म्हणाली, "सर, वळा. काका पायाळू आहेत."

ते वळले. दादाचा चेहरा लाल झाला, कपाळावर घाम आला. उजवा पाय चादरीवरून सरकत सरकत गेला आणि अंगठा पांढऱ्या कोटाला टेकला.

"हलला का?" दादानं विचारलं.

पुढे दादा काठी घेऊन गावभर फिरला. "डॉक्टरांना फोन करून इचार की, कंबर दुखायची राहिली का," असं मला शेवटपर्यंत म्हणायचा.

विचारायचं राहून गेलं.